रायभानचा बोजा उतरला

मु. पिंगळी, माघ वद्य, सन १३४८ फसली

तीर्थरूप व्यंकटरावदाजी यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकटा मेव्हणा भुजंग याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द कमीच पडतो दाजी, पण दुसरा सुचेना म्हणून तोच लिहिला. तुमचे गुडघे कसे आहेत? आक्काचा खोकला गेला का? नसेल गेला तर मी मागं सांगितलेला अडुळशाचा काढा तिला द्यावा. (मागच्या खेपेला तो तिनं म्हशीला पाजला असं कानावर आलं. म्हैस बरी आहे ना?) गंगाखेडला यंदा ऊस चांगला असल्याचं कळलं, त्याचाही आनंद झाला. पण आज मला कशाचाही आनंद होतो आहे. सकाळी बन्सीधर वाण्याची शेळी आपल्या अंगणातली तुळस खाऊन गेली, तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या कस्तुराबाईनं ते पाहिलं आणि मला ताप आला आहे का, ते हात लावून बघितलं. तर दाजी, सांगायची गोष्ट एवढीच, की आपल्या घरावरचा बोजा उतरला!

आता तुम्ही म्हणाल, कोणता बोजा. दाजी, तो चढवणारा माणूस तुम्हीच पाठवला होता. रायभान गुत्तेदार, तुमच्याच गल्लीतला. 'भुजंगराव, याच्यासारखं घर निझामाच्या राज्यात कोणी बांधत नाही,' हे तुमचे शब्द. घर त्यानं बांधलं, चांगलंही बांधलं, त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पण माळवदावर जाणाऱ्या जिन्याची शेवटची पायरी त्यानं बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच ठेवली. जो वर जाईल तो अडखळेल. मी म्हटलं, ही उतरव. तो म्हणाला, 'राहू द्या मालक. चोर घाईत ऱ्हातो, हितंच पडंल.' आमच्याकडे चोर कधी आला नाही, पण मी रोज पडतो. शेवटी मी म्हटलं, पायरी उतरल्याशिवाय उरलेली मजुरी नाही. तो म्हणाला, मजुरी मिळाल्याशिवाय पायरीला हात लावणार नाही. दोघंही मराठवाड्यातलेच, मागं कोण हटणार? त्यानं अदालतीत जाऊन घरावर बोजा चढवून घेतला. म्हणजे त्याचा दावा मिटेपर्यंत हे घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, कुणाच्या नावानं करायचं नाही, अशी सरकारी दफ्तरात नोंद. पुढं त्यानं मुदतीत फिर्याद लावायची होती, ती लावलीच नाही. जिनिंगच्या कारखान्याचं मोठं काम मिळालं आणि तो तिकडे गेला. मुदत संपली, पण दफ्तरातली नोंद जागच्या जागी बसून राहिली.

मलाही तिचं काही वाटत नव्हतं. घर विकायचं कुणाला होतं? पण मनकर्णा लग्नाची झाली आणि त्या नोंदीला दात फुटले. पहिलं स्थळ आलं, पोरगी पसंत पडली, पुढं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की भुजंगरावाचं घर अदालतीत अडकलंय. स्थळ गेलं. दुसऱ्याचंही तेच. पाहुणे येऊन गेले की पोरगी आठ-आठ दिवस परसातच काम काढून बसायची. दाजी, मला ते बघवत नव्हतं. अशात पाथरीच्या किशनरावांचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, निर्व्यसनी, आणि (हे कस्तुराबाईनं मला सांगितलं, मनकर्णानं तिला सांगितलं, तुम्ही कुणाला सांगू नका) मनकर्णाच्या मनात भरलेला. किशनरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'पोरगी आमची झाली म्हून समजा. पण घरावरचं ते मिटवा, मग सुपारी फोडू.' माणूस सरळ. त्यांचं काय चुकलं?

मग मी परभणीला माणिकराव वकिलांकडे धावलो. ते म्हणाले, मुदत संपली की बोजा आपोआप मरतो. मी आनंदानं कचेरीत गेलो आणि दफ्तर सांभाळणाऱ्या पेशकारसाहेबांना म्हटलं, बोजा मेला आहे. ते म्हणाले, मेला असेल, पण त्याच्या मरणाची खबर इथं कोणी दिली? (तिथल्या खुर्चीवर बसला की माणूस असंच बोलतो. घरी ते फार साधे असतील.) शेवटी असं ठरलं की अदालतीचा चपराशी आपल्या दारात येऊन गावच्या हलगीवाल्याकडून हलगी वाजवून दवंडी देईल. कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच सांगावी. नसेल तर पंचनामा होईल आणि नोंद कटेल. रायभानलाही रीतसर नोटीस गेली. त्यानं येऊन नुसतं 'हरकत आहे' एवढं म्हटलं, की पुन्हा सुनावण्या, पुन्हा तारखा, आणि किशनरावांचा मास्तर कुणा दुसरीच्या मांडवात. वकील म्हणाले, तो नाही येणार, कारखान्याच्या कामात अडकलाय. मी दत्ताला नवस बोललो, मारुतीला बोललो, आणि वाटेत एक दर्गा लागला तिथंही चादर कबूल केली. कोणाचा हात कुठवर पोचतो ते आपल्याला काय माहीत.

आता माझी हुशारी ऐका. दवंडी सकाळी आणि किशनराव घर बघायला दुपारच्या गाडीनं, असं मी जमवलं होतं. म्हणजे व्याही उंबऱ्यात येईपर्यंत घर स्वच्छ. पण चपराशीबुवांची सकाळची गाडी चुकली. ते दुपारच्या गाडीनं आले, किशनरावांच्या शेजारी बसून, त्यांच्याच डब्यातलं पान खात. पिंगळीच्या टेसनावर उतरल्यावर दोघांनी एकमेकांना विचारलं, कुणाकडे? भुजंगरावांकडे. तुम्ही? मीही. मग दोघं गप्पा मारत चालत आले. अदालतीचा पट्टा लावलेले चपराशीबुवा आणि माझे होणारे व्याही एकाच छत्रीखाली येताना मी ओट्यावरून पाहिलं आणि मला पहिल्यांदा खरोखर घाम फुटला.

बरं, आपल्या गावात अदालतीचा पट्टा दारात आला आणि हलगी वाजली की त्याचा अर्थ एकच, लिलाव. दुसऱ्या कामासाठी हलगी वाजलेली कुणी कधी ऐकलीच नाही. चपराशी दवंडी देत होता दफ्तरी उर्दूत, ती कळत होती एकट्या चपराशाला. गाव पाळत होतं आपला रिवाज. हां हां म्हणता सगळं गाव ओट्याखाली जमलं. शेजारच्या दगडाबाई पुढं होऊन दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'भिंती कुनीबी घ्या, मला निस्तं दार द्या. माझ्या गोठ्याला हेच दार पायजे हुतं!' (बारशाला, हळदीकुंकवाला याच दारातून आत येतात, दाजी. तेव्हापासून नजर होती!) मी ओरडून सांगतो की लिलाव नाही, लिलाव नाही, पण ज्याचं घर लिलावात निघतं तो असंच ओरडतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आणि घेणारा माल पाडूनच बोलतो हे तुम्हाला सांगायला नको. बन्सीधर वाणी लागला बोलायला, 'भिंती पोकळ हायत. माळवद गळतंय. तुळया किडल्यात. लाकडाच्या भावात बी म्हाग पडंल.' किशनरावांचा चेहरा उतरत चालला. त्यांनी छत्री मिटली, काखेत धरली आणि टेसनाकडे नजर टाकली. आत दाराच्या फटीतून मनकर्णा बघत होती. त्या घटकेला मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, 'कोन म्हन्लं रे पोकळ?'

रायभान! हाताची घडी घालून कधीचा उभा होता. आता हा तो एक शब्द बोलणार आणि सगळं संपणार. पण दाजी, तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बन्सीधरकडे बघत होता. तरातरा ओट्यावर चढला आणि भिंतीवर अशी बुक्की मारली की त्याचाच हात सुजला. 'ही पोकळ? आरं, चुना घाण्यात बैल फिरवून फिरवून मळलाय म्या, लोन्यावानी! तुळया सागवानी हायत, म्या सोता निवडल्यात. किडा लागायचा तर त्याचे दात पडतील! चला वर, दावतो, चला समदे!' आणि त्यानं किशनरावांचाच हात धरला आणि ओढत जिन्यावर नेला. मागून सगळं गाव. शेवटच्या पायरीवर किशनराव अडखळले आणि माळवदावर पालथेच पडले. मी डोळे मिटून घेतले. वरून रायभानची गर्जना ऐकू आली, 'बगा! चोर असता तर घावला असता का न्हाई?' आणि मग दाजी, किशनरावांच्या हसण्याचा आवाज. खदाखदा. त्यानंतर धबाधबा उड्या ऐकू आल्या. रायभान सगळ्या गावाला माळवदावर नाचायला लावून मजबुती दाखवत होता. खाली मातीचा कणही पडला नाही.

इकडे चपराशीबुवांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी रिकाम्या अंगणात तीन वेळा विचारलं, 'किसी को हरकत है?' खाली मी, हलगीवाला, आणि दार सोडायला तयार नसलेल्या दगडाबाई. हरकत असणारा वर तुळयांचं वर्णन करत होता. पंचनामा झाला, 'कोणाचीही हरकत नाही', दगडाबाईंनी अंगठा दिला (त्यांना वाटलं दार मिळालं), आणि चपराशीबुवा टेसनाकडे पळाले. रायभान खाली उतरला तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं, लपवायचं माझ्यानं झालं नाही. तो सुजलेला हात चोळत म्हणाला, 'जाऊ द्या मालक. घर पक्कं हाय म्हून गावानं कबूल केलं का न्हाई?' मला रडू आलं दाजी, खोटं कशाला सांगू. मी त्याला मिठी मारली. कस्तुराबाईनं पुरणपोळी वाढली आणि त्याच बैठकीला किशनरावांनी सुपारी फोडली. मनकर्णा गेले दोन दिवस परसात फिरकलेली नाही, घरभर गुणगुणत हिंडते. काल कचेरीतून नोंद कटल्याचा हुकूमही आला. तो मी उशाखाली घेऊन झोपलो.

आक्काला नमस्कार. लग्नाची तिथी फाल्गुनातली आहे, आठ-पंधरा दिवस आधी येऊन राहा. म्हशीलाही घेऊन या हवं तर.

तुमचाच,
भुजंग

ता. क. — पत्र बंद करणार तोच किशनरावांचा माणूस निरोप घेऊन आला. त्यांना घर फारच आवडलं आहे. आता ते मोकळं झालंच आहे तर लग्नाआधी मनकर्णाच्या नावे करून टाका म्हणतात. मास्तरची बदली परभणीला होते आहे, ते इथूनच जातील-येतील. पोरगी डोळ्यांसमोर राहणार म्हणून मला आनंदच आहे, एकदम नाही कसं म्हणू?

आणखी ता. क. — मास्तरबरोबर किशनराव, त्यांच्या सौभाग्यवती, त्यांच्या आत्या आणि दोन धाकटे मुलगेही येणार आहेत. माळवदावरची हवा किशनरावांच्या दम्याला मानवते. मला आणि कस्तुराबाईला गोठ्याशेजारची खोली पुरेल असं त्यांचं मत आहे. बन्सीधर म्हणतो, घर दुसऱ्याच्या नावे करायचं टळायला एकच उपाय, त्यावर अदालतीची नोंद हवी. सुपारी फुटली आहे, आता त्यांनाही मागं फिरता येणार नाही. तरी दाजी, हे पत्र पोचताच रायभानकडे जा आणि तो बोजा पुन्हा चढवता येईल का ते हळूच विचारा. कागदाचा खर्च माझा. आणि या वेळी मुदत चांगली लांबची घे म्हणावं, कारण दमा सोडला तर व्याह्यांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.