चपलांच्या कपाटातली व्हाईट वाइन

२ मार्च, रविवार
ठरलं. सोळा तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी सेलर उघडायचं.

पाच बाटल्या व्हाईट वाइन. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत हिने पसंत केलेली. द्राक्षमळ्यातला विक्रेता सारखा बजावत होता, ही ठेवू नका, लवकर प्या. मी ओळखलं. लवकर संपली की गिऱ्हाईक लवकर परत येतं.

सेलर म्हणजे जिन्याखालचं कपाट. घरातले त्याला चपलांचं कपाट म्हणतात.

मधल्या काळात हिने बऱ्याचदा विचारलं, उघडायची का? मुलगी झाली तेव्हा, घर घेतलं तेव्हा, ही नोकरी करता करता परीक्षा पास झाली तेव्हा. दर वेळी मी म्हणालो, अजून दोन वर्षं थांब. आता या संयमाचं चीज होणार. थांबलो ते बरं झालं, हे एकदा हिच्या तोंडून ऐकायचं आहे. बाकी काही नको.

हिला बेत सांगितला. ही "बरं" म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. मन भरून आलं की ही कमी बोलते.

४ मार्च
मेहुण्याला फोन केला. त्याचं टायरचं दुकान आहे. म्हणाला, भाऊजी, व्हाईट इतकी वर्षं टिकते का? गाढवाला गुळाची चव काय. मुलीलाही कळवलं. तिने विचारलं, बाबा, एखादी उघडून बघितलीत का? पोरगी मामावर गेली आहे.

६ मार्च
बाटल्या पुसल्या. कपाटातून गरम पाण्याचा पाइप जातो हे आज लक्षात आलं. म्हणजे एवढे हिवाळे बाटल्यांना थंडी बाधलेली नाही. उत्तम.

मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलंय, दोन वर्षांच्या आत प्यावी. हे सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी असतं. लिफ्टमध्येही सहा माणसं लिहितात आणि नऊ जातात. (मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. हे वाक्य ऑफिसात बोलायचं नाही.)

८ मार्च, सकाळी
चाचणी म्हणून एक उघडायची. फक्त एक.

नंतर: बूच अर्धं बाहेर आलं, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून गाळावी लागली. रंग गडद तपकिरी. यालाच मुरणं म्हणतात. वास डागाळलेल्या सफरचंदाचा आणि मागाहून बूट पॉलिशचा. पॉलिशचा वास कपाटाचा असू शकतो. एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही. संध्याकाळी गाडी चालवायची आहे.

९ मार्च
एकीवरून सगळ्यांना नापास करणं अन्यायाचं. म्हणून दुसरी उघडली. व्हिनेगर. हिने ती बाथरूमच्या नळावर ओतली. नळावरचे वर्षानुवर्षांचे पांढरे डाग गेले. म्हणजे मालात दम होता.

११ मार्च
निश्चय. सोळा तारखेपर्यंत एकाही बाटलीला हात लावायचा नाही.

१२ मार्च
तिसरीला हात लावला. मी उघडली असं म्हणता येणार नाही, बूच आपणहून आत पडलं. ओल्या छत्रीचा वास. खिडकीतल्या कुंडीत ओतली. झाडावर लक्ष ठेवायचं.

१४ मार्च
झाड गेलं. ते तसंही आजारीच होतं.

चौथी बाटली उचलली तर हलकी लागली. झिरपून झिरपून रिकामी. हिच्या चांगल्या सँडलवर तो डाग कशाचा, यावरून घरात मोठं भांडण झालं होतं. आता उलगडा झाला. हिला सांगायचं नाही.

उरली एक. चार खराब निघाल्या, म्हणजे नशिबातला खराबपणा संपला. हिशोब सरळ आहे. पाचवी उजेडात धरून पाहिली. सोनेरी, स्वच्छ. बुचावर मेणाचा थर. बाकीच्यांवर मेण नव्हतं. ही खास बाटली असणार.

मुलीचा फोन. दुकानातून एक आणून ठेवू का? नको म्हणालो. जरा तुटकच म्हणालो.

१६ मार्च, रविवार
यश.

बूच अलगद निघालं. सगळ्यांच्या ग्लासात ओतली. मी छोटं भाषण केलं. मधासारखा रंग, वाळलेल्या पानांचा गंध, जिभेवर रेंगाळणारी तुरट चव, आणि घशाला जराही जळजळ नाही. एवढी सौम्यता फक्त वयाने येते, असं मी म्हणालो. मुलगी खोकत स्वयंपाकघरात गेली. मेहुण्याने विचारलं, बिस्किट आहे का? अशा माणसाला वाइन द्यायची म्हणजे!

ही मान खाली घालून बसली होती. खांदे हलत होते. पंचवीस वर्षांचं सार्थक झालं. डोळ्यांत माझ्याही पाणी आलं.

१७ मार्च
रिकामी बाटली शोकेसमध्ये ठेवावी म्हणून धुवायला घेतली. तळाशी चहाची पत्ती.

हिला विचारलं. हिने सगळं शांतपणे सांगितलं. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी "अजून दोन वर्षं" म्हणून लिफ्ट तपासायला निघून गेलो. आई तेव्हा आमच्याकडे होती. ती हिला म्हणाली, याच्या मुहूर्ताची वाट बघत बसलो तर मी जाईन आणि बाटली राहील. आण इकडे. दोघींनी बाटली गार केली आणि स्वयंपाकघरात बसून प्यायल्या. मग तीत कोरा चहा भरून वर मेणबत्तीचं मेण लावलं. चहाला बुरशी धरते, म्हणून दर वर्षी नवा भरावा लागायचा. या वेळचा गुरुवारी भरला, मी केस कापायला गेलो होतो तेव्हा. बाटल्यांची निगा राखतो असं मी लोकांना सांगत आलो. राखत ही होती.

कशी होती, मी विचारलं. फार छान होती, ही म्हणाली. हिरवं सफरचंद चावल्यासारखी. आईने दुसरा ग्लास मागून घेतला, आणि माझ्यासाठी एक ग्लास फ्रीजमध्ये ठेवायला लावला.

मग तो कुठे गेला?

ही म्हणाली, तुम्ही घरी आल्या आल्या उभ्याउभ्या प्यायलात. ज्यूस उतरलाय म्हणालात. पुन्हा त्या दुकानातून आणू नका म्हणालात.

मला तो ज्यूस आठवतो. दुकानदाराशी मी भांडूनही आलो होतो. आई दारात उभी राहून हसत होती. का हसतेस, हे मी तिला विचारलं नाही. आता ती नाही. फार वाईट वाटतंय.

गाढव आणि गुळाबद्दल चार तारखेला जे लिहिलंय, ते खोडावं की नुसतं माणूस बदलावा?

१८ मार्च
मेहुण्याने व्हाईट वाइनची बाटली पाठवली. चिठ्ठीत एवढंच, भाऊजी, आजच.

रविवारपर्यंत तरी थांबू, असं माझ्या तोंडातून निघालंच. हिने तोवर दोन ग्लास भरले होते.

आंबट होती. अगदी त्या ज्यूससारखी. मी संपवली आणि आणखी मागितली. ही म्हणाली, अजून दोन वर्षं थांबा.