कॅमेऱ्यावरचं कुंकू

शनिवार, १४ मे २०१६
चेरीवूड

आला एकदाचा माझा फोन! दोन वर्षं आमचा निखिल म्हणत होता, "आई, तुला नाही झेपणार." दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये नन्सच्या धाकात काढलेल्या बाईला एक काचेची पाटी झेपणार नाही म्हणे! तोवर इथून, परदेशातून, नागपूरच्या कुसुमताईशी बोलायचं ते रविवारी, चिरंजीवांच्या फोनवरून, चिरंजीव शेजारी उभे असताना. बहिणीशी मनातलं बोलायचं तरी कसं?

नवी वस्तू म्हणून दुपारी फोनला वर मधोमध हळदकुंकू लावलं, खोलीचं दार लावलं आणि ताईला व्हिडिओ कॉल केला. स्वतः, एकटीने!

"अगं, तू कुठे आहेस?" ताई ओरडली. "सगळं लाल दिसतंय. आग लागली का घराला?"

घाबरून नातीला हाक मारली. सई बघून हसतच सुटली. "आजी, दॅट्स द कॅमेरा!" बाहीने पुसलं आणि म्हणाली, "यू आर ग्रँड नाऊ." इथे नुसतं ठीक असलं तरी 'ग्रँड' म्हणतात. तिला बाहेर घालवून पुन्हा दार लावलं.

"आता बोल," ताई म्हणाली. "कोणी नाही ना जवळ?"

निखिलच्या, सुनेच्या, इथल्या बेचव वांग्यांच्या, किती तक्रारी साठवल्या होत्या! पण ताईने नवी कवळी काढून दाखवली आणि आम्ही शाळकरी पोरींसारख्या खिदळत बसलो. तास कसा गेला कळलं नाही. तक्रार एकही सांगितली नाही.

संध्याकाळी निखिलने विचारलं, "एवढं काय बोलत होतीस?"

"तुझ्याबद्दल," म्हटलं. राहू दे थोडा काळजीत.