आधी समोरच्याचं म्हणणं

प्रिय ताई,

तू शिकवतेस त्या नागरिकशास्त्राला मी ‘वीस मार्कांची पोपटपंची’ म्हणालो, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. आज शाळेतून फोन आला, म्हणून तुझ्या वर्गाच्या दाराआड उभा होतो. मैदानावरून दोन तुकड्यांत जुंपली होती. माझ्या लेकीच्या हातात सळई होती आणि तोंडी माझ्याच भाषणातलं वाक्य, “हक्क हिसकावून घ्या!”

तू फक्त वर्गाचा नियम सांगितलास: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडायचं, मग आपलं.

लेक धुमसत म्हणाली, “यांना संध्याकाळी घरकाम असतं, म्हणून दुपारी मैदान हवंय.”

“अर्धवट!” समोरचा म्हणाला. “धाकट्या भावंडांना सांभाळतो आम्ही. खेळावंसं आम्हालाही वाटतं.”

तिने पुन्हा मांडलं. तो हसला, “आत्ता बरोबर.” सळई तुझ्या टेबलावर आली.

ताई, मी हजारोंच्या सभा पेटवल्या, पण एक भांडण विझवणं मला कधी जमलं नाही.

आपल्या भांडणात तुझं म्हणणं काय होतं, ते चारदा लिहून पाहिलं. दर वेळी माझंच भाषण होतं. तू “आत्ता बरोबर” म्हणशील असं जमेपर्यंत हे पत्र खणातच राहील.

तुझ्या वर्गात उशिरा आलेला,
तुझा धाकटा