सरकवलेला नाला

२१ मार्च
पाटी लागली! नेहरू नगरच्या घराच्या पुढच्या खोलीवर. ‘कुलकर्णी अँड ठाकूर, ज़मीन की नपाई और नक़्शे’. अक्षरं मीच रंगवली, पेंटरवर माझा विश्वास नाही. बावीस वर्षं कारखान्याच्या सिव्हिल खात्यात ट्रेसर होते, दुसऱ्यांनी मोजलेलं सुबक काढून द्यायचं काम. व्ही.आर.एस. घेतली, क्वार्टर सोडलं, तेव्हा टाउनशिपमधल्या बायकांनी विचारलं, आता काय, लोणची घालणार? घ्या, ही लोणची.
ठाकूरसाहेब आमच्याच खात्यातले सर्व्हेयर, गेल्या वर्षी रिटायर झाले. पाटीसमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "मैडम, दफ़्तर के दरवाज़े पर मेरा नाम पहली बार चढ़ा है।"

८ एप्रिल
पहिलं काम, कोलार रोडला एका डॉक्टरांचा प्लॉट. नवं यंत्र, बटण दाबलं की अंतर दाखवतं. ठा.सा. दांडी धरून समोर, यंत्रामागे मी. दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारणार, "मैडम, सर कब आएँगे?" चौथ्या माणसाला सांगितलं, सर येत नसतात, मीच आहे.
शिकले: टोपी, पाणी, आणि हे उत्तर सकाळी घरातूनच घेऊन निघायचं.

९ एप्रिल
नाक सोलवटलंय. ह्यांनी विचारलं, मजा येते का? येते. खूप येते.

खंडेनवमी
यंत्राची पूजा. ठा.सां.नी जमीन मोजायची जुनी लोखंडी साखळी गोणपाटात गुंडाळून आणली, तीही पाटावर ठेवली. मी माझी ट्रेसिंगची पेनं. ह्यांना हसू आलं. येऊ दे. आतापर्यंत अकरा कामं, एकही परत करावं लागलं नाही.

६ जानेवारी
मोठं काम मिळालं. कोलार रोडची सोसायटी, सगळी आपल्याच कारखान्याची माणसं. कॉलनी नगरपालिकेच्या ताब्यात द्यायची आहे, त्यासाठी नव्याने मोजलेला नकाशा हवा. वीस वर्षांपूर्वीचा नकाशाही आम्हा दोघांचाच. रविवारी-रविवारी ठा.सां.नी मोजला होता, मी काढला होता. सेक्रेटरी सक्सेनाजी म्हणाले, "जिन्होंने बनाया, वही नापें।" त्यांच्या ऑफिसात तो अजून फ्रेम करून लावलाय. काय अक्षर होतं माझं! दोनदा जाऊन बघितला.

१३ जानेवारी
नाल्याकडची रांग. चौदा प्लॉट, नकाशात प्रत्येकी चाळीस फूट रुंद. तेरा प्लॉटांवर घरं झालीत. शेवटचा, नाल्यालगतचा, रिकामा. तो देशपांडेसाहेबांचा, आमच्या वर्कशॉपचे फोरमन. तिथे यंत्र म्हणतं साडेएकतीस.
तीनदा मोजलं. साडेएकतीसच.
देशपांडे एप्रिलअखेर रिटायर होणार. मग थोडे महिने, आणि क्वार्टर रिकामं करावं लागणार. चाळीस फुटांच्या घराचा प्लॅन तयार आहे, वहिनींनी देवघर कुठे ते मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतं.

१४ जाने.
वाटलं, नाल्याने जमीन खाल्ली असणार. बघून आले. नाल्याची दगडी भिंत कॉलनीच्या आधीची आहे, जागची हललेली नाही.
मग साखळी. कड्या वाकल्या की साखळी आखूड होते आणि जमीन कागदावर जास्त भरते. ठा.सां.ना बिचकतच म्हटलं. नुसतं म्हणाले, "हो सकता है।" संध्याकाळी सक्सेनाजींसमोर स्वतःच बोलले, "ज़ंजीर मेरी थी साहब, पुरानी थी।" सत्तावन्न माणसांची कॉलनी मोजणारा माणूस, मान खाली घालून.
मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

१६ जाने.
कणीक मळताना लक्षात आलं. तेरा प्लॉट बरोबर चाळीस-चाळीस भरतात. सगळे त्याच साखळीने आखलेले. मग साखळी एकट्या चौदाव्यालाच कशी आखूड पडली?
ठा.सां.ना जुनी मोजणीची वही मागितली. "मिल नहीं रही।" ह्या माणसाचं टाचणीचं पाकीटसुद्धा जागेवर असतं.
गेले त्यांच्या घरी. ते बाहेर होते. भाभीजींनी ट्रंकेतून लगेच काढून दिली.
नाल्याकडची रांग. शेवटचा प्लॉट. पेन्सिलीने ३१'-६", खाली दोन रेघा.

१६, दुपार
आठवलं. सगळं आठवलं.
तेव्हा ठा.सा. गावी लग्नाला गेले होते. नकाशा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. एका ओळीत तेरा चाळीस आणि शेवटी हा एक साडेएकतीस, नकाशा बेढब दिसत होता. ठाकूरांनी घाईत चुकीचं लिहिलं असेल, असं धरलं. ४०' केलं. मग रेघ जुळेना, म्हणून नाला थोडा पलीकडे सरकवला. एवढासा. विचारीन नंतर म्हटलं आणि कधीच विचारलं नाही. पंचवीस वर्षांची होते, नकाशा सुंदर दिसायला हवा होता. दिसला.

१७ जाने.
काल संध्याकाळी ठा.सां.शी कडाक्याचं भांडण. "आपने पहले दिन ही देख लिया था ना?" "देख लिया था।" "तो बोले क्यों नहीं? ऊपर से इल्ज़ाम अपने सर!" तर म्हणे, "मेरी ज़ंजीर तो रिटायर हो गई, मैडम। आपको अभी काम करना है।"
म्हटलं, पाटीवर दोन नावं आहेत, खोटं एकाच्याही नावाखाली चालणार नाही. चहा न पिता निघून गेले. पण आज सकाळी सातला यंत्र खांद्यावर घेऊन दारात हजर!

१९ जाने.
ह्यांचं म्हणणं, सांगितलंस तर पाटी उतरवावी लागेल, तुझ्याकडून कोण मोजून घेईल? खरं आहे. मलाही भीती वाटते. बिट्टन मार्केटला भाजी घेताना सुटे पैसे तिथेच विसरून आले.
पण रोज सकाळी यंत्रामागे उभं राहून लोकांना सांगते, मशीन में जो आएगा वही लिखूँगी. कोणत्या तोंडाने सांगते?

२० जाने.
आधी देशपांड्यांकडे गेले, मीटिंगमध्ये त्यांना पहिल्यांदा कळायला नको. वही समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला. "कुलकर्णीबाई, साडेआठ फूट म्हणजे माझी एक खोली." वहिनी आत गेल्या, बाहेर आल्याच नाहीत. मी वही उचलली, चप्पल घातली.

२६ जाने.
झेंडावंदनानंतर सोसायटीची मीटिंग. उभी राहिले. हिंदी अडखळतं माझं, आज अडखळलं नाही. चूक ज़ंजीर की नहीं, ठाकुर साहब की नहीं, क़लम मेरी थी. जुना नकाशा भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवला, शेजारी वही, शेजारी नवा नकाशा. नव्यात नाला त्याच्या जागी.
गलका झाला. एकजण म्हणाला, दुसऱ्या कंपनीकडून मोजून घ्या. सक्सेनाजींनी विचारलं, भरपाई कशी? म्हटलं, सोसायटीच्या नव्या ऑफिससाठी राखलेला कोपऱ्यातला प्लॉट रिकामा आहे, तो देशपांड्यांना बदलून द्या, नकाशे आणि मोजणी आम्ही करून देऊ. मतदान पुढच्या रविवारी.
बाहेर येताना खरं सांगायचं तर पाटी लावली त्या दिवशीपेक्षा आज जास्त ताठ चालले. ठा.सा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हमारी मैडम हैं।"

३० जाने.
डॉक्टरांच्या ओळखीतलं एक काम गेलं. फोनवर कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

१ फेब्रुवारी
सकाळी देशपांडेसाहेब दारात. आत या म्हटलं, आले नाहीत. हातात घराच्या प्लॅनची गुंडाळी.
"तो कोपऱ्यातला प्लॉट. कागदावर बेचाळीस आहे म्हणतात."
"उद्या मतदान आहे ना, साहेब?"
"मतं पडतील तशी पडोत. आधी मला तो मोजून हवाय. आणि मोजायचा तुम्ही."
ठा.सा. आतून यंत्र घेऊन आले, विचारलंसुद्धा नाही.
"कमी भरला तर?" मी विचारलं.
"तर कमी लिहा," देशपांडे म्हणाले, आणि पुढे चालू लागले.