मुलगी द्या म्हणतात

अल्लाच्या नावाने. मी, मैमुनाबी, मरहूम याकूब सोलकर यांची बायको, मूळ गाव दाभोळ, हल्ली मुक्काम देरा, दुबई, धंदा बायकांचे कपडे शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी भरीस पाडलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. संताप आहे, पण संतापाला वेड म्हणत नाहीत.

१. माझे वारस दोन: मुलगी अजरा, वय सतरा, आणि सख्खा धाकटा भाऊ इद्रीस. शरियतने दोघांना निम्मा-निम्मा हिस्सा दिला आहे. तो बदलण्याचा मला अधिकार नाही. असता तर हे मृत्युपत्र एका ओळीत संपलं असतं.

२. अजरा मुंबईला इद्रीसच्या घरी राहून शिकली. पोहायला मात्र तिला बापाने शिकवलं, दाभोळच्या खाडीत, पाठीला रिकामा डबा बांधून. मुंबईत पोहण्याच्या तलावावर प्रधानबाईंनी तिला हेरलं. त्या एका कॉलेजच्या मुलींना पोहणं शिकवतात. अजराला मॅट्रिकला मार्क बरे पडले, फर्स्ट क्लास काही आला नाही. नुसते मार्क बघणारी कॉलेजं तिला दारात उभी करणार नाहीत. पुण्यातलं एक पोहण्यावर घेत होतं, पण तिथे मुलींची राहायची सोय नव्हती. प्रधानबाईंचं कॉलेज बरे मार्क आणि चांगलं पोहणं, दोन्ही बघून घेतं. फी माफ, हॉस्टेल फुकट. बाईंनी इद्रीसला सांगितलं, मुलगी आम्हाला द्या, आईला विचारून कळवा.

३. जूनमध्ये इद्रीस आगबोटीने इथे माल घ्यायला आला. माझ्याच खोलीत, माझाच चहा ढवळत म्हणाला, "आपा, अजराला मुंबईहून मागणी आलीय. मोठं ठिकाण आहे. खर्चा सगळा त्यांचा. फक्त मुलगी द्या म्हणतात."

मी म्हणाले, "अरे, तिचं वय काय! नको म्हणून सांग. माझी पोर कॉलेजात जाणार."

"पक्का नकार?"

"पक्का. खलास."

"बरं. शब्दाला शब्द कळवतो," म्हणाला, आणि त्यातला 'नको' तेवढा त्याने कळवलाही.

आईच्या कानावर मागणी हा शब्द पडला की ती काय समजणार, हे वाचणाऱ्यानेच सांगावं. इद्रीसला ते पुरतं ठाऊक होतं. त्याच्या अन्वरसाठी त्याने आधीच अजराला मागितलं होतं आणि मी कॉलेज झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढू नकोस म्हणाले होते. म्हणून त्याने कॉलेजच मोडलं. दोन महिन्यांत निरोप आला: "पोरगी आता घरीच बसलीय, अन्वरला हो म्हण."

४. शेजारची मरियमबी मुंबईला जाऊन आली, तेव्हा उलगडा झाला. आल्या आल्या म्हणाली, "अजरा तुमच्यावर रुसलीय. कॉलेजला तुम्हीच नको म्हणालात ना?" पोर पत्र का लिहीत नाही ते मला तेव्हा कळलं. मी लिहिलेली पत्रं इद्रीसच्याच पत्त्यावर जातात. ती तिच्या हाती पडत नसणार. मी पत्राने त्याला जाब विचारला तर लिहितो, "मी खोटं काय बोललो? मागणी म्हणालो, मागणीच होती." आई गेल्यावर या भावाला मी माझ्या ताटातलं भरवलं आहे. त्याने माझ्याच तोंडून माझ्या मुलीला नकार वदवून घेतला. हा दगा मी माफ केलेला नाही. मेल्यावर माफ केला असं कुणी सांगू नये.

५. दाभोळचं घर, बांगड्या आणि दोन्ही शिलाई मशिनी मी काझीसाहेबांसमोर हयातीतच अजराला बक्षीस दिल्या आहेत. तिच्या वतीने ताबा मरियमबीकडे आहे. उरलेल्यातला तिसरा हिस्सा, जो माझ्या मर्जीचा, तो मरियमबीला. मी पत्राने विचारलं, प्रधानबाई येत्या जूनमध्येही अजराला घ्यायला तयार आहेत, तिने पोहणं सोडलेलं नसेल तर. मरियमबीने तिला हाताला धरून तिथे पोचवावं.

६. बाकी राहिलं ते असं: पातेली, पत्र्याची पेटी, गजराचं घड्याळ आणि एक खाट. यातलं निम्मं इद्रीसचं. हक्क म्हणजे हक्क. खाट करवतीने कापून हवी असल्यास माझी हरकत नाही.

७. ऑपरेशनमधून उठले तर मी स्वतः आगबोट धरीन. नाही उठले तर इद्रीसला एकच काम सांगते. निरोप शब्दाला शब्द पोचवण्याची त्याला सवय आहेच. त्याने जमातीसमोर, अजराला पुढे बसवून, उभं राहून एवढंच म्हणावं:

"अजरा, तुला कॉलेजातून मागणी आली आहे. तुझ्या आईचा होकार आहे."

सही: मैमुनाबी याकूब सोलकर
मुक्काम देरा, दुबई. १४ ऑक्टोबर १९६७

समक्ष सह्या:
खैरुद्दीन पारकर, कापडवाले
मरियमबी युसुफ मुकादम (आगबोटीचं तिकीट काढलं आहे)