कोरा सोडलेला कागद

४ ऑक्टोबर १७८६, लंडन
देवाच्या दयेने सुखरूप पोचलो. गावी चर्चच्या भिंतीवर वचनं रंगवायचो, आता क्रूडसन नावाच्या चित्रकाराच्या रेखाटनांत जलरंग भरायचे. त्यांची चित्रं म्हणजे बड्या लोकांची टर. छताला टेकलेले केशसंभार, श्वास कोंडणारे कोट. मला हसू आवरेना. मालक मला पाद्रीबुवा म्हणतात, म्हणोत बापडे. माझी डॉर्कस दोनच गल्ल्यांपलीकडे लेडी आर्डिंगकडे मोलकरीण आहे. आज मटण भरलेला पाव घेऊन आली आणि, बाबा, गावचा चिखल अजून बुटावर मिरवताय, म्हणून चिडवून गेली. आईविना वाढलेली पोर. तिच्यासाठीच तर आलो.

९ ऑक्टोबर
इथे पांढरा रंग वापरतच नाहीत. दिव्याची ज्योत, मोत्याची चमक, तेवढा कागद कोरा सोडायचा आणि भोवती गडद करत जायचं. पाद्रीबुवा, उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो, असं मालकांनी दटावलं.
आजचं चित्र लेडी आर्डिंगचं. तिचे केस विंचरायला केशकार शिडीवर चढलेला, शिडी कलंडलेली. त्याचा कोट मी निळा केला. बाईसाहेब स्वतः येऊन पाहून गेल्या. अगं बाई, माझं नाक इतकं लांब, म्हणत डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि चित्र विकत घेतलं.

१३ ऑक्टोबर
डॉर्कस रडत आली. केशकार शिडीवरून पडून मेला. कोट निळाच होता.
मालक म्हणाले, शिडीवर चढणारे पडायचेच.

१९ ऑक्टोबर
परवा एका लठ्ठ उमरावाची पालखीखुर्ची रंगवली, चिखलात घसरणारे दोन भोई रंगवले. काल त्यातला एक खुर्चीखाली चिरडला. उमराव उतरले, बूट पुसले, दुसरी खुर्ची मागवली. आज येऊन तेच चित्र घेऊन गेले. जेवणघरात लावणार आहेत!
प्रार्थनेला बसलो तर मुठीच सुटेनात. टर ह्यांची, आणि हाडं मोडणार कोपऱ्यातल्या माणसाची? मालकांना तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, कोपऱ्यात कुणी वाकलेला नसेल तर मोठा माणूस मोठा दिसेल कसा?
फळीवर त्याच आठवड्यातलं एक चित्र पडून आहे, उकळत्या हंड्यात कोसळणारी स्वयंपाकीण. ते मी अजून रंगवलेलं नाही. ती बाई धडधाकट आहे.
म्हणजे माझा कुंचला. माझाच.

२४ ऑक्टोबर, सकाळ
नवं चित्र. नाचाला निघालेली लेडी आर्डिंग, डोक्यावर जहाजाएवढे केस. मागे मेणबत्ती धरलेली मोलकरीण, ज्योत बाहीकडे झुकलेली. हनुवटीवर तीळ.
डॉर्कस.
रंगवणार नाही म्हणालो. मालक म्हणाले, नको रंगवूस, दुपारी दुसरा रंगारी बसवतो.
दुसऱ्याच्या कुंचल्यानंही तेच घडलं तर? चित्र हिसकावून घेतलं. तिला निरोप धाडला, असशील तशी निघून ये. उत्तर आलं, बाईसाहेब नाचाला निघेपर्यंत सोडत नाहीत. एका पोरीवाचून त्यांचे केस अडले आहेत!
फाडलं तर मालक पुन्हा काढतील. बाकी सगळं रंगवीन. तिला शिवणार नाही.

तोच दिवस, दुपार
झालं. पडदे काळपट तांबडे, खोली जवळजवळ काळी. डॉर्कसवर एक थेंब नाही. प्रभू, तुझे उपकार.

मालक दाराशी उभे राहून पाहत होते. टाळी वाजवली. म्हणाले, वा पाद्रीबुवा, काय पेटवली आहेस पोरगी!

लांबून पाहिलं —
काळोखात कोरा कागद. मेणबत्ती तिच्यापुढे फिकी. सगळ्या चित्रात तीच एक —
उजेड राखायचा असतो. मीच राखला. मीच —

कुंचला ओला केलाय. तिला झाकू? पण रंग लावला तर ती बाही, ती ज्योत — नाही लावला तर —
देवा, एवढं सांग — लावू की —
खाली गल्लीत आरडाओरडा. आर्डिंगांच्या घरून कुणीतरी पळत — माझंच नाव —
हा जळक्या केसांचा वास कुठून —
तपकिरी. आधी फक्त हात, फक्त तिचा