प्रेमराज सायफरचे अकरा दिवस

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.४०
पाचला उठायचं ठरवलं होतं. अलार्म झाला, पण तो समाधानच्या मोबाइलवर, म्हणजे धरायचा नाही. समाधान माझा रूम पार्टनर. मेहनती आहे, डोकं नाही.

एम.एस्सी. मॅथ्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला क्रिप्टोग्राफी घेतली आहे. गुप्त लिपीचं गणित. शिकवायला दिपमाला मॅडम. विषय जणू माझ्यासाठीच काढलाय. गुपित ठेवणं मला उपजत येतं. दुसऱ्या सेमिस्टरचा अल्जेब्रा राहिला, हे जुलैपासून घरी कोणालाही माहीत नाही. आबांना, म्हणजे वडिलांना, फोनवर इतकंच सांगितलं होतं की निकाल लागला, छान आहे. निकाल लागला ही वस्तुस्थिती. छान आहे हे माझं मत. पेढे आबांनी स्वतःच्या मनाने वाटले.

९ सप्टेंबर. दुपारी
आबांचा फोन. अठ्ठावीस तारखेला नरडाण्याला समाजाचा गुणगौरव सोहळा आहे, मार्कशीटनी झेरॉक्स धाडी दे, म्हणाले. मी म्हटलं, झेरॉक्स मशीन बंद शे. आबा म्हणाले, बठ्ठा जळगावमा? मी म्हटलं, बठ्ठा जळगावमा.

सगळ्या जळगावातली मशीनं बंद पाडून वेळ मारून नेली.  

११ सप्टेंबर, गुरुवार
मॅडमनी असाइनमेंट दिली. प्रत्येकाने स्वतःचं सायफर, म्हणजे गुप्त लिपी, बनवायचं, त्यात एक मजकूर लपवायचा आणि कागद डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर लावायचा. पंधरापासून सव्वीसपर्यंत. न फुटलेल्याला इंटर्नलचे दहापैकी दहा. फुटलं तर फोडणाऱ्याने मजकूर वर्गात मोठ्याने वाचायचा. मॅडम म्हणाल्या, जे कोणी वाचू नये असं खरंच वाटतं तेच लिहा, नाहीतर कुलूप हलकं बसतं.

मुलांनी पेनं खाली ठेवली. मी हसलो.

१३ सप्टेंबर, शनिवार
सायफर तयार. नाव: प्रेमराज सायफर. एक गुप्त शब्द घ्यायचा, तो मजकुराखाली पुन्हा पुन्हा लिहीत जायचा आणि वरच्या-खालच्या अक्षरांच्या नंबरांची बेरीज करून येईल ते अक्षर लिहायचं. गुप्त शब्द नऊ अक्षरांचा आहे. इथेही लिहीत नाही. भिंतींना कान असतात आणि समाधानला डोळे.

मॅडमना पद्धत सांगितली. त्या म्हणाल्या, ही साडेचारशे वर्षं जुनी आहे. म्हणजे माझी कल्पना साडेचारशे वर्षं टिकून आहे.

शिवाय मजकूर खानदेशीत, इंग्रजी अक्षरांत. कोणतं अक्षर किती वेळा येतं यावरून फोडायला बसले तरी हात हलवत परत जातील. मजकूर असा: मी अल्जेब्रामा नापास शे, घरमा कोणलेच माहीत नही, आबांनी बठ्ठा गावले पेढा वाटात.

 शुभकार्य म्हणून सुरुवात नेहमीप्रमाणे श्री गणेशाय नमः ने केली. तेही सायफरमध्ये घातलं. देवाचं नाव उघड्यावर कशाला.

१५ सप्टेंबर, सोमवार. सायंकाळी
कागद लावला. बावीस कागदांत माझा सगळ्यात भारदस्त. पहिली ओळ व्ही, वाय, जी, झेड अशी सुरू होते. बघूनच घाम फुटावा.

दुपारी मला फुटला. कारण आज कळलं, वर्गातली नूतन नरडाण्याची आहे आणि जीवराम नाना तिचे सख्खे काका. नाना गुणगौरव समितीचे अध्यक्ष. आमचं गाव तिथून चार किलोमीटर. वर्गात वाचलं तर संध्याकाळपर्यंत घरी. पण वाचणार कोण? नूतनला मागच्या टेस्टला माझ्यापेक्षा फक्त अकरा मार्क जास्त होते.

१७ सप्टेंबर, बुधवार
सात कागद फुटले. त्यात समाधानचा. नूतननेच फोडला. उभी राहून वाचला: प्रेमराजच्या डब्यातलं लोणचं वर्षभर मीच खातोय. वर्ग हसला. समाधानचे कान लाल झाले. मी हसलो नाही. लोणच्यासाठी नव्हे. ती प्रत्येक शब्द अगदी स्पष्ट वाचते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मॅडमचं लेक्चर बुडवलं. विषय होता सायफर फोडण्याच्या युक्त्या. ज्याचं फुटणारच नाही त्याने ते का ऐकावं? समाधानने थोडक्यात सांगितलं: मजकुराचा थोडासा तुकडा आधीच माहीत असेल तर तो वजा करायचा, गुप्त शब्द आपोआप हातात पडतो. मी म्हटलं, दुसऱ्याला माझा मजकूर आधीच कसा माहीत असेल? काहीतरीच.

२० सप्टेंबर, शनिवार. सायंकाळी
नूतनने माझी वही मागितली. अखेर कळलं तिला, नोट्स कोणाच्या चांगल्या असतात. दिली. मन मोठं असावं लागतं.

आबांचा फोन. झेरॉक्स. मी म्हटलं, मार्कशीट लॅमिनेट कराले दिधी शे. आबा म्हणाले, बरं. हल्ली ते फार पटकन बरं म्हणतात.

२२ सप्टेंबर, सोमवार
नूतनने वही परत केली. विचारलं, प्रत्येक पानावर सगळ्यात वर श्री गणेशाय नमः लिहितोस का? मी म्हटलं, आईची शिकवण आहे. त्याशिवाय पेन पुढे जात नाही. तिने मान डोलावली. प्रभावित झाली.

बोर्डावर चार कागद उरले. जेवण गेलं नाही. उकाडा.

२४ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.१०
माझा एकटाच कागद उरला. बोर्डावर मधोमध. काल चार वाजता नूतन त्याच्यापुढे वीस मिनिटं उभी होती. हातात पेन्सिल. मी जिन्यातून मिनिटं मोजली.

आज लवकर येऊन एक पिन काढली. कागद नुसता सरळ करायचा होता. वॉचमन कौतिक भाऊ म्हणाले, काय करी राहिना रे? पिन परत लावली. भीती वगैरे काही नव्हती.

काल रात्री आबा फोनवर म्हणाले, काही सांगानं शे का? मी म्हटलं, नही. मग त्यांनी तेच पुन्हा विचारलं. रेंज कमी असावी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २
घडलं ते क्रमाने लिहितो.  

अकराला मॅडम म्हणाल्या, प्रेमराजचं टिकलं वाटतं. मी उभा राहायला लागलो, तेवढ्यात नूतन उठली. फळ्यावर माझ्या कागदावरची पहिली अठरा अक्षरं लिहिली. त्याखाली इंग्रजी अक्षरांत श्री गणेशाय नमः. तीही बरोबर अठरा. म्हणाली, हा मुलगा त्याशिवाय काही लिहीतच नाही. मग एकेक अक्षर वजा करत गेली.

डी. आर. मनात म्हटलं, योगायोग.

पी. आर. ई. एम. समाधान माझ्याकडे बघायला लागला.

आर. ए. जे. फळ्यावर डॉक्टर प्रेमराज. आणि पुढच्या नऊ अक्षरांतून पुन्हा डॉक्टर प्रेमराज. वर्ग बाकं बडवायला लागला. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. दोनदा कशाला यायला हवं होतं?

पण तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतंच. बाकीचा मजकूर नूतनने वहीत आधीच सोडवून आणला होता. मॅडम म्हणाल्या, वाच. नूतनने वही उघडली. मला आबा दिसले, पेढ्याचा पुडा घेऊन दारोदार जाताना.  उठून पळावंसं वाटलं. मला खरंच रडू येत होतं. नूतनने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, फुटलं एवढं पुरे आहे मॅडम, मजकूर घरचा आहे. वही मिटून जागेवर बसली.

२७ सप्टेंबर, शनिवार. पॅसेंजरमध्ये, अमळनेर स्टेशन
शांतपणे विचार केला. सायफर फुटलं, गुपित फुटलं नाही. म्हणजे तत्त्वतः मी जिंकलो. नूतनला वाचायची हिंमत झाली नाही.

झेरॉक्स न देताही आबांनी सोहळ्याला बोलावलंय, म्हणजे माझं नाव यादीत आहे. आता नाही म्हणणं समाजाचा अपमान ठरेल. पहिल्या सेमिस्टरला मी पास होतोच, सत्कार त्याचा समजावा. दोन मिनिटांचं भाषण तयार केलं.

२८ सप्टेंबर, रविवार. घरी
इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसलो. अकरा नावं पुकारली. अकरा नारळ, अकरा शाली. माझं नाव नाही. चूक झाली असेल म्हणून तडक जीवराम नानांकडे गेलो, जरा आवाज चढवूनच. नाना म्हणाले, तुना बापनीच जुलैमा ईसन नाव काढी टाकं. पेढा वाटात ना, तेना तिसरा दिवस.

घरी आलो. आबा ओट्यावर बसले होते. मी बाजूला बसलो.  विचारलं, माहीत व्हतं तर झेरॉक्स कशाले मांगी राहिंतात? आबा म्हणाले, तू सांगशी म्हणीसन वाट देखी राहिंतू.

मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली. अडीच महिने जे जपलं ते पाच मिनिटांचं होतं.

आबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. अल्जेब्राच्या परीक्षेच्या फॉर्मची पावती. शेवटची तारीख वीस सप्टेंबर होती, हे मला आज आबांकडून कळलं. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलचा माझा पासवर्ड कुठून मिळाला विचारलं. म्हणाले, ऑनलाइनवाला पोऱ्हाले तुनी जन्मतारीख सांगी, पहिलाच फेरले उघडनं. जुलैमा निकालबी तठेच देखा.

पेपर अठरा नोव्हेंबरला आहे.

मग आबांनी विचारलं, हाई अल्जेब्रा म्हंजे काय राहस, सांग तरी. मी अल्जेब्रातल्या ग्रुपची व्याख्या सुरू केली. चार अटी असतात, म्हटलं. तीन सांगितल्या. चौथी आठवेना. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. याद कर, माले घाई नही, म्हणत आबा तिथेच बसून राहिले.